सिंधुबाईंच्या वाटीतली नवी कॅप्सूल

मी औषधांची एक जुनी ट्रॉली आहे. मित्रांनो, मला डोकं नाही, तरी ते अजून तापलेलंच आहे.

सातपूरच्या एका कारखान्यात माझे पत्रे जोडले गेले. नव्वदच्या सुमारास मी इंदिरानगरातल्या एका छोट्या रुग्णालयात आले. सिस्टर मला रोज स्पिरिटने पुसत. "हिच्यामुळे गोळ्यांचा घोळ होत नाही," असे मोठ्या सिस्टर मंगलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, तेव्हा मी फुशारून जाई. प्रत्येक रुग्णाची एक स्टीलची वाटी, त्यात त्याच्या सगळ्या गोळ्या. वाटी रिकामी झाली की काम संपले, असा आमच्याकडचा शिरस्ता. वाटीतल्या गोळ्यांचे एकमेकींशी पटते का, हे मात्र कोणी बघत नसे.

एका श्रावणात इगतपुरीकडच्या सिंधुबाई दाखल झाल्या. भातलावणीच्या चिखलात उभे राहून त्यांच्या पायांची बोटे बुरशीने कुजली होती. मधुमेह जुना, त्यामुळे शुगरची गोळी आधीपासून चालू. डॉक्टरांनी तिच्या जोडीला बुरशीवरची कॅप्सूल सुरू केली. ही कॅप्सूल शुगरच्या गोळीला शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही. मग रक्तातली साखर उतरतच जाते.

सोमवारी दुपारी सिंधुबाईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. अर्धा वॉर्ड साबुदाण्याची खिचडी खात होता. मंगलाबाई भडकल्या.

"शुगर असून उपास करता? जिवावर उठलात का?"

"नाय ओ बाई. आमच्यात उपास नसतो, आम्ही बौद्ध हाय. सकाळीच भाकर खाल्ली."

"सगळे असंच सांगतात!"

साखरेचे पाणी पाजले, बाईंना हुशारी आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाटी! मी जिवाच्या आकांताने चाके करकरवली. काय झाले? माझ्या चाकांना तेल घातले.

मंगळवारी सिंधुबाई बेशुद्ध पडल्या. त्यांची मुलगी मनाली "आई, डोळे उघड ना गं," म्हणत रडत होती. ललिता सिस्टरने धावत येऊन शिरेतून ग्लुकोज दिले. मग तिने मंगलाबाईंना विचारले, "आज मंगळवार. आज कसला उपास? यांना नवीन काय सुरू केलंय?" तिने डॉक्टरांना फोन लावला. शुगरची गोळी ताबडतोब थांबली आणि बाई वाचल्या.

संध्याकाळी ललिता फक्त बुरशीची कॅप्सूल घेऊन आली. तिने सगळे नीट समजावले. सिंधुबाईंनी वाटी हळूच मागे सारली.

"तुम्ही भल्या हाय, सिस्टर. पण मी काय खाल्लं ते मलाच ठाऊक ना? तरी माझं कोणी ऐकलं नाय. आता तुमची गोळी नको."

कुजलेली बोटे तशीच घेऊन त्या घरी गेल्या. औषध चांगले होते, बाईंना त्याची गरज होती, आणि तरी ते माझ्यावर पडून राहिले. याचा संताप येणार नाही तर काय?

आता मी जिन्याखाली गंजते आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी सिस्टर झाले, तर बुरशीचे औषध देण्याआधी शुगरची, रक्त पातळ करणारी, जी जी गोळी चालू असेल ती विचारा. हे औषध कधी यकृतालाही बाधते, म्हणून डोळे पिवळे दिसतात का, तेही बघा. आणि घामाने भिजलेली बाई "मी जेवले" म्हणाली, तर आधी तिचे खरे माना.