तात्पुरतं फोल्डर

आमच्या कंपनीत फोल्डरच्या नावासाठी समिती होती. हसू नका, मी त्या समितीत होते.

काम तसं साधं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, त्या फाइली आमचं ॲप क्लाउडवर ठेवतं आणि ऐकणारा आपल्या फोनवर ऐकतो. सर्व्हरचा कोड माझा, सगळा जावास्क्रिप्टमधला. फाइल आली की तिला नाव द्यायचं आणि क्लाउडवरच्या बकेटमध्ये टाकायची. बकेट म्हणजे भाड्याने घेतलेलं भलंमोठं गोदाम. त्यात फोल्डर नसतातच. फाइलच्या लांबलचक नावात मधेमधे तिरप्या रेघा मारल्या की पडद्यावर फोल्डर असल्यासारखं दिसतं, एवढंच.

हे आमच्या साहेबांना पटेना. त्यांना आम्ही पाठीमागे ठराव म्हणायचो, कारण पंखा कितीवर ठेवायचा यावरही ते हात वर करायला लावत.

"नसतात काय? मला समोर दिसताहेत की," ते म्हणाले. मग फाइली पुस्तकाप्रमाणे लावायच्या, वाचणाऱ्याप्रमाणे की भाषेप्रमाणे, यावर समिती बसली.

"तोवर कुठे टाकू?" मी विचारलं.

"तोवर 'तात्पुरतं' नावाचं एक फोल्डर कर. पुढच्या आठवड्यात ठरतंच आहे."

पुढचा आठवडा काही उजाडेना. बैठकीत कुणी रंगीत तक्ते आणले, कुणी वाचणाऱ्याचं आडनाव आधी की नाव आधी यावर तावातावाने बोललं. भिजत घोंगडं पडलं ते पडलंच, आणि जगभराचे आवाज माझ्या कोडमधून मुकाट 'तात्पुरतं'मध्ये जात राहिले. मी चिडचिड करायचे, तर ठराव म्हणायचे, "तुझा स्वभाव जरा तापट आहे, काम मात्र छान आहे."

त्यात आत्याचं निघालं. तिच्या घशात गाठ सापडली. स्वरयंत्रच काढावं लागेल, डॉक्टरांनी सांगून टाकलं. माझी आत्या म्हणजे तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि आतोबांची नजर जाऊन बरीच वर्षं झालेली. रोज दुपारी ती त्यांना पुस्तक वाचून दाखवायची, मधेच भांडायची, पुन्हा वाचायची. त्या घरात उजेड होता तो तिच्या आवाजाचा.

"ऑपरेशनच्या आधी ह्यांच्यासाठी एक पुस्तक वाचून ठेवते," ती म्हणाली. "निदान तेवढं तरी राहील."

तिला ते फोनमध्येच ठेवायचं होतं. मीच म्हटलं, अगं, फोन पडतात, बिघडतात, आमच्या ॲपवर कर. क्लाउडवरचं काही जात नाही. घसा ठणकत असताना ती बसली, पाणी पीत, थांबत, जाडजूड कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचली. प्रत्येक प्रकरणापुढे हिरवी खूण उमटली, 'सुरक्षित'. मग ऑपरेशन झालं, नीट झालं, आणि आत्या कायमची गप्प झाली.

तिच्या ऑपरेशनच्या दिवशी मी रजेवर होते. त्याच दिवशी समितीची बैठक झाली, तिथलं मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे सफाई नावाने ओळखला जाणारा एक गृहस्थ आहे. सर्व्हरवर कचरा दिसला की त्याच्या अंगाला खाज सुटते. बैठक संपता संपता, लोक लॅपटॉप मिटत असताना, तो म्हणाला, "तात्पुरतं म्हणून जे काही आहे, ते महिन्याहून जुनं झालं की आपोआप पुसलं जाईल असा नियम लावतो." सगळ्यांनी हात वर केले. तिथे नक्की काय आहे, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

पुढे तक्रारी यायला लागल्या, दाबलं की काहीच वाजत नाही म्हणून. ठराव म्हणाले, त्यांचं इंटरनेट तपासायला सांगा. मी बकेट उघडली. ॲपच्या यादीत आत्याची प्रकरणं हिरव्या खुणांसकट दिमाखात उभी होती आणि बकेटमध्ये 'तात्पुरतं'च्या आत तिच्या नावाचं फोल्डरच नव्हतं.

"फोल्डर कसं जाईल?" ठराव म्हणाले. "फाइली गेल्या असतील, फोल्डर तरी असेल ना?"

"फोल्डर नव्हतंच कधी, सर. फाइली होत्या."

"मग पुसलेल्याच्या जुन्या प्रती?"

"त्या ठेवायच्या की नाही, हा पुढच्या बैठकीतला विषय आहे."

त्यांनी तो विषय पहिल्या क्रमांकावर घेतला. मी पर्स उचलली आणि निघाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

आतोबा खिडकीशी कानात इअरफोन घालून बसले होते. आत्या आत होती. मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. पुस्तक गेलं, परत येणार नाही, माझ्याच कंपनीने घालवलं. सांगताना मला रडू फुटलं.

त्यांनी इअरफोन काढले. "पुस्तक होय? ते मी अजून लावलंच नाही."

"मग रोज काय ऐकता?"

त्यांनी फोन माझ्या कानाशी धरला. ती आत्याने अगदी सुरुवातीला करून पाहिलेली चाचणी होती. "अहो, येतोय का आवाज? हे यंत्र चालतंय की नाही कोण जाणे. तुम्ही गोळी घेतलीत का? नाहीच घेतली, मला माहितेय. नुसते बसून राहता खांबासारखे." एकदा ऐकलेली फाइल आमचं ॲप फोनमध्येच ठेवतं, म्हणून तेवढी वाचली होती.

"पुस्तकात ती दुसऱ्याचं बोलते," आतोबा म्हणाले. "इथे माझ्याशी बोलते. पुस्तक राखून ठेवलं होतं, म्हटलं पुढे कधीतरी."

मागे काहीतरी आपटलं. आत्या दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. हल्ली ती गळ्यात छोटी पाटी अडकवून हिंडते. तरातरा पुढे आली, पाटीवर खरडलं आणि सवयीने त्यांच्यासमोर धरली. मग तिच्या लक्षात आलं. तिचा हात तसाच राहिला. त्या माणसावर रागवायची तिची सोयच उरली नव्हती. तिने पाटी माझ्याकडे वळवली आणि बोटाने टकटक केलं.

मी वाचलं, "घसा फाटेस्तोवर वाचलं मी. कुणासाठी? तुम्हाला एक प्रकरणसुद्धा ऐकावंसं वाटलं नाही?"

आतोबांनी मान माझ्या दिशेला कलती केली.

"असं हळू नाही बोलायची ती," ते म्हणाले. "पुन्हा वाच. जोरात."

आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. मी घसा खाकरला, पदरचा सगळा संताप आवाजात घातला आणि माझ्या आतोबांवर ओरडले.