काजळीची पट्टी

चारही स्क्रू निघाले, तरी संगणकाच्या प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता हवेत सोडणारा धातूचा हीटसिंक जागचा हलेना. तिने तो हलकेच पिळून पाहिला आणि तिचा हात तिथेच थांबला.

तिची पट्टी कधी चिकटत नसे. केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बनच्या नळ्या मखमलीसारख्या उभ्या वाढवून तिने ती बनवली होती. प्रोसेसरची उष्णता ओढून हीटसिंकला द्यायची, आणि काम झालं की कोरडीच उचलली जायची.

तिने जोर लावला. हीटसिंक सुटला. खाली उष्णता वाहून नेण्यासाठी लावतात ती, कुठल्याही दुकानात मिळणारी करडी पेस्ट पसरली होती. पट्टी नव्हतीच.

मघाशी याच टेबलाभोवती तिची पट्टी पारखायला आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दुपारभर राबवूनही संगणक तापला नाही, म्हणून त्यांच्या प्रमुख बाईंनी कौतुकाने तिचा हात हातात घेतला होता. दादा तर दाराशी उभा राहून असा हसत होता, की जणू त्याचंच लग्न ठरलंय.

पाहुण्यांना जिन्यापर्यंत सोडून तो परत आला.

"चिमे, जिंकलीस गं! पुढच्या महिन्यात..."

त्याची नजर उघड्या संगणकावर गेली.

"दादा, पट्टी कुठंय?"

त्याने खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली.

"सकाळी बदलली. मागच्या वेळी मशीन तापून बंद पडलं होतं ना. पाहुण्यांसमोर तसं झालं असतं तर?"

"एक स्क्रू जास्त आवळला गेला होता म्हणून पडलं. दाखवलं होतं मी तुला."

"दाखवलंस गं. पण ऐन वेळी धीर झाला नाही. तुझ्यासाठीच केलं ना मी!"

म्हणजे त्या टाळ्या पेस्टला होत्या. तिला स्वतःचीच लाज वाटली. मान लववून आभारसुद्धा मानले होते तिने.

बाबा तिच्या कामाला 'काजळीचा कारखाना' म्हणत. कोळसा उगाळावा तितका काळाच, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर जेवण अर्धवट टाकून भांडायचा तो दादाच. बाबांनी पट्टी काढली असती, तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. दादाशी कसं भांडायचं, ते तिला माहीतच नव्हतं.

"केसाने गळा कापलास," ती एवढंच म्हणाली.

तिने पेस्ट पुसून काढली, चिमट्याने पट्टी बसवली आणि चारही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. संगणक सुरू करून त्याला दुपारचंच काम लावलं. दोघंही पडद्यावरच्या तापमानाकडे बघत बसले. आकडा जरा चढला, अडखळला आणि पेस्टच्या आकड्याच्या बराच खाली येऊन स्थिरावला.

दादा खुर्चीतून उडालाच.

"अगं, खरंच चालते की ही!"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंद अगदी खरा होता, आणि आश्चर्यही.

इतकी वर्षं तो घरीदारी ठणकावून हेच सांगत आला होता. त्याला ते आज पटलं होतं.

"चिमे, बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

तिने संगणक बंद केला आणि पट्टी काढून परत डबीत ठेवता येईल इतका तो निवायची वाट बघत बसली.