पुंगळीच्या काठावरचा चावा

नेमबाजीच्या मैदानावर काडतूस रायफलमध्येच फुटलं तेव्हा व्हर्नाने पहिली शिवी स्वतःलाच घातली. चष्मा होता म्हणून डोळा वाचला, गालावर मात्र दारूचे चटके उठले. काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी बुडाजवळ तुटून दोन तुकडे झाली होती, आणि बुडावर एकच काळा पट्टा होता. म्हणजे एकदाच भरलेली, जवळजवळ कोरी!

"वय झालं, बाई," चार बाकं पलीकडून एल्डन धावत येऊन म्हणाला. "जुन्या-नव्या मिसळल्या असशील. होतं असं."

साठी उलटलेल्या व्हर्नाला ते खरंच वाटलं, हेच तर दुर्दैव. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्या गावात रिकाम्या पुंगळ्या दारू-गोळी घालून पुन्हा भरून वापरायला तिला एल्डननेच शिकवलं होतं. पहिल्यांदा भरली की बुडाला काळा पट्टा, मग निळा, मग लाल. लालनंतर हातोड्याने ठेचून टाकायची. पितळ प्रत्येक बाराला ताणलं जातं, आतून झिजतं. लोभ धरला तर तोंडावर येतं. धुण्याचं यंत्र एल्डनकडे, म्हणून दोघांच्या पुंगळ्या तोच धुवायचा. धुण्यात शाई जाते, तेव्हा पट्टेही तोच नव्याने ओढायचा. तपासतंय कोण? तिच्या नवऱ्याच्या शवपेटीला पुढून खांदा दिलेला माणूस तो.

घरी आल्यावर तिला एकदम लेक आठवली. त्याच डब्यातल्या पुंगळ्या भरून तिने तिच्यासाठी काडतुसं तयार ठेवली होती. शनिवारी केरी एल्क हरणाच्या शिकारीला निघणार होती.

डब्यात उरलेल्या पुंगळ्या तिने टेबलावर ओतल्या. तारेचं टोक वाकवून एकीत घातलं आणि बुडापासून वर ओढलं. तार अडखळली. आत झिजेची खाच होती. दुसरीत तेच, तिसरीतही तेच. एकदा भरलेल्या पितळाला खाच? छे, शक्यच नाही!

मग तिने भिंग घेतलं. रिकामी पुंगळी बाहेर ओढताना रायफलचं नख तिच्या काठाला चावतं, दर बाराला एकदा. व्हर्नाच्या रायफलचा चावा रुंद पडायचा. इथे काठभर अर्धवट चावे होते. अर्धं नख तुटलेली रायफल गावात एकच, एल्डनची. ती खडकावर आपटली तेव्हा व्हर्ना तिथेच उभी होती. शाई पुसली मेल्याने, चावे कसे पुसणार?

राज्याची नेमबाजीची स्पर्धा तोंडावर आली होती आणि नवं पितळ दुकानात मिळत नव्हतं, म्हणून आपल्या झिजलेल्या पुंगळ्यांवर काळा पट्टा ओढून त्याने तिच्या कोऱ्या ठेवून घेतल्या होत्या. तरी तिचं मन म्हणत होतं, डबे बदलले असतील, चुकला असेल बिचारा. मग तिला बाकं आठवली. एल्डन कायम तिच्या शेजारच्या बाकावर बसायचा, तिच्या नेमाची टिंगल करायला. आज म्हणाला, "इथे ऊन डोळ्यांवर येतं," आणि चार बाकं सोडून बसला. आज तर सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

गाल भाजला त्याहून हे जास्त भाजलं.

ती तशीच गाडी काढून त्याच्याकडे गेली. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने केरीचा डबा ठेवला, शेजारी एक रिकामी पुंगळी आणि भिंग.

"शेजारी का नाही बसलास आज?"

"सांगितलं ना, ऊन..."

"काठ बघ तो."

त्याने भिंगाला हातही लावला नाही. "वाटलं, अजून एकदा तरी टिकतील," तो खाली बघत म्हणाला. "देवाशपथ, व्हर्ना. स्पर्धा झाली की तुझ्या पुंगळ्या तुला परत देणार होतो."

"आणि हा डबा केरीचा. तुझ्या मांडीवर बसून नेम धरायला शिकली ती."

एल्डनचा चेहरा पांढराफटक पडला. "तिला देऊ नकोस. अगं, तिला नको देऊस!"

"का? अजून एकदा टिकतील ना?" डब्यातलं एक काडतूस काढून तिने त्याच्यापुढे उभं केलं. "आण तुझी रायफल. त्यात भर हे आणि उडव. मी बसते शेजारी, खुशाल बसते."

एल्डनने हात पुढे केला नाही.