त्या डब्यातलं पीठ

"मटाराले बी डब्यात कोंडते आता. काऊन, त्यानं का चोरी केलती?" सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

ओट्यावर टिनाचे सात डबे होते. मटार, मका, मश्रूम. माझ्या मुलानं, प्रफुल्लनं, ते शेजारच्या महादेवरावांच्या मिलिटरी कँटीनच्या कार्डावर आणले होते. पुलगावात कोणाचं ना कोणाचं कार्ड मिळतंच. सून मयुरी दवाखान्यातून घरी येऊन दहा दिवस झाले होते. रक्त सातवर. दिवसाला तीन-चार घास, तेही आपण बघत असलो तर. पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टरनं सांगितलेलं.

म्हणून मी वही काढली. शाळा सातवीपर्यंतच, पण अंगणवाडीत मदतनीस म्हणून वीस वर्षं पोषणाचे तक्ते झटकलेत, काही तर अंगाला लागलं असेल. डावीकडे डबे, उजवीकडे पिठं. डब्यावर प्रथिनं होती, मीठ तर भरपूर होतं, लोह छापलेलंच नव्हतं. अंगणवाडीच्या पुस्तकात शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाचा आकडा पाहिला, तर प्रथिनांत मटार निम्म्यावरही येईना.

सासूबाई खूश झाल्या. मग त्यांनाच शंका आली, शंभर ग्रॅम कोरडं पीठ फाकते कोण? खरंच होतं. पीठ कोरडं, मटार पाण्यातले, आणि मी दोघांना एकाच तराजूत बसवलेलं. सगळं खोडलं. एका भाकरीला पीठ किती लागतं यावर आम्ही तिघं भांडलो. सासूबाईंच्या भाकरी थापायच्या हातावरून प्रफुल्लनं त्यांना एक टोमणाही मारला. घरात बऱ्याच दिवसांनी आवाज होता. मला त्याचं ना बरं वाटत होतं ना वाईट.

ज्वारी झाली, गहू झाला.

"त्या डब्यातलं बी लिही," सासूबाई बोलून गेल्या आणि लगेच मटाराचा डबा पुसू लागल्या. तो पुसलेलाच होता.

वरच्या फळीवर एक स्टीलचा डबा आहे. मयुरीला आठवा लागला तेव्हाच सासूबाईंनी गहू जाडसर दळून, तुपात भाजून त्यात भरून ठेवले होते. सोबत डिंक, खोबरं, मेथी. आमच्याकडे पीठ आधी तयार ठेवतात आणि पाचव्या दिवशी लाडू बांधतात. यंदा पाचवा दिवस आला आणि गेला. डबा कोणी काढला नाही, फेकलाही नाही. भेटायला आलेल्या विहारातल्या बायाही उन्हाचं, नळाचं बोलून गेल्या.

मी वहीत 'त्या डब्यातलं' असं लिहिलं आणि पुढचे रकाने कोरे सोडले.

मयुरी भिंतीला धरत आतून आली. ओढणी छातीशी गच्च, तरी दुधाचा ओला डाग दिसतच होता. प्रफुल्ल मश्रूमच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचत राहिला. तिनं वही ओढून घेतली, बोट माझ्या शेवटच्या ओळीवर ठेवलं.

"त्या डब्यातलं काय, आई? बाळंतिणीचं पीठ आहे ते," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "बाळ मेलं माझं. पण बाळंतीण तर मी आहो ना."