मारिसा आधी माझी होती

मी एक जुनी, मत्सरी आइस्क्रीमची गाडी आहे. मित्रांनो, जुनं होण्याला माझा इलाज नव्हता. मत्सराचं मात्र मी तुम्हाला नीट सांगणार आहे, कारण माझ्या आयुष्यात जे काही घडलं त्यात त्याचा हात आहे.

माझा जन्म क्रू गावातल्या एका कारखान्यात झाला. अंग सायीच्या रंगाचं, कडेला गुलाबी पट्टा, आणि डोक्यावर माणसाच्या उंचीचा आइस्क्रीमचा एक खोटा कोन. आल्दो कार्देल्ली मला घ्यायला आले तेव्हा त्यांनी आधी माझा फ्रीजर उघडून आत कान लावला. मग म्हणाले, "आवाज चांगला आहे हिचा." तेव्हापासून मी मोरकमच्या समुद्रकिनाऱ्यावर राहिले. घड्याळाच्या मनोऱ्याखालची जागा आमची होती. ओहोटीला पाणी इतकं लांब जायचं की समुद्र गावाला विसरलाय असं वाटे. तरी लोक पाण्याकडे बघत आमच्याकडचं आइस्क्रीम खात उभे राहायचे.

आल्दोंची नात मारिसा माझ्यातच वाढली. तिचे वडील फार लवकर घर सोडून गेले होते. आई मोरीन काउंटरवर असायची आणि मारिसा कोनांच्या रिकाम्या खोक्यात झोपायची. ती बोलायला लागली तेव्हा माझा तळ खरवडायला चमचा मागायची. थोडी मोठी झाल्यावर माझ्या फ्रीजरची घरघर ऐकून म्हणायची, "नोनो, ही आज खोकतेय." आजोबांना ती नोनो म्हणे. दोघं मिळून माझं मागचं झाकण उघडत, आणि मारिसा विचारी, "आतली ऊब काढून ही टाकते कुठे?" आल्दो म्हणायचे, "समुद्रात टाकते."

ती माझी होती, मित्रांनो. तिचे ते सगळे प्रश्न माझ्या पोटातून निघालेले होते.

मग किनाऱ्यावर डग रेबीची गाडी आली. पांढरी शुभ्र, विजेवर चालणारी, आवाज नाही, धूर नाही. रात्रीसारखी काळी काच आणि तिच्यावर हलणारे दिवे. मला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली. आल्दो होते तोवर ती किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला असायची. पण एका हिवाळ्यात आल्दो गेले. वसंतात नगरपालिकेने जागांची नव्याने वाटणी केली आणि मनोऱ्याखालची जागा डगला मिळाली. आम्हाला मिळाला स्वच्छतागृहामागचा कोपरा.

मारिसा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दिवसभर माझ्या खिडकीतून तिला डगची रांग दिसायची. आमच्याकडे लोक यायचे ते सुट्टे मागायला. ती हातातलं फडकं पिळत बसायची.

जुलैतल्या एका संध्याकाळी मोरीन घरी गेल्यावर तिने मला सुरू केलं आणि मनोऱ्याकडे आणलं. डगच्या रांगेतलं शेवटचं मूल आईचा हात धरून रस्ता ओलांडून जाईपर्यंत ती थांबली. मग तिने गिअर टाकला. माझं नाक त्या पांढऱ्या गाडीच्या पाठीत घुसलं. आत आवराआवर करणारा डग फळीवर आपटला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं.

पोलिसांनी तिला नेलं आणि मला त्यांच्या आवारात नेऊन उभं केलं. कोर्टात वकील म्हणाला की आजोबा गेल्याच्या दुःखात पोरीचा तोल गेला. न्यायाधीशांनी दुःख ऐकून घेतलं आणि तरीही तुरुंगाची शिक्षा दिली. वर कित्येक महिने गाडी चालवायची बंदी. गावातही सगळे दुःखच म्हणत राहिले. मारिसाने त्यांना तसं म्हणू दिलं.

त्या आवारात मी पावसात गंजले. चाकांतून गवत उगवलं, काउंटरवर कोळ्यांनी घरं केली. मला कुणी धुतलं नाही, सुरू केलं नाही. बंद ठेवलेलं यंत्र काम करणाऱ्या यंत्रापेक्षा लवकर खराब होतं, हे मी तिथे शिकले. मारिसाही तेव्हा बंदच होती. पण तिला तिथे गणित भेटलं.

हो, गणित. सुटून आली तेव्हा ती बारीक झाली होती, केस कापलेले होते आणि काखेत पुस्तकं होती. तुरुंगात तिने टपालाने अभ्यास केला होता. मोरीनने मला सोडवून आणलं, माझं नाक जमेल तसं सरळ करून घेतलं, आणि आम्ही तिघी पुन्हा त्या कोपऱ्यात उभ्या राहिलो. आता स्टिअरिंगवर मोरीन असे आणि काउंटरवर मारिसा. गिऱ्हाईक नसलं की ती पुस्तक उघडायची. उष्णता कुठून कुठे जाते, दाबाने काय होतं, असलं काहीतरी. माझा फ्रीजर अख्खा दिवस खोकला तरी तिचं लक्ष नसायचं. जिथे आल्दोंचा फोटो होता त्याच्या शेजारी ती पुस्तकं ठेवायची. त्यांचा वास मला आवडत नसे. मला वाटायचं, जे प्रश्न तू मला विचारायचीस ते आता या परक्यांना का विचारतेस?

एक दिवस ती म्हणाली, "आई, मी इंजिनिअरिंगला अर्ज करतेय. विद्यापीठात."

मोरीन वॉफलचे कोन रचत होती. तिचे हात थांबले. "कधी ठरवलंस?"

"आत असताना."

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"आत्ता भरतेय म्हणून आत्ता सांगतेय. एक अडचण आहे. ते विचारताहेत, तुमची एखादी शिक्षा अजून सरायची बाकी आहे का."

मित्रांनो, आमच्याकडचा कायदा असा आहे की माणूस तुरुंगातून सुटला तरी त्याची शिक्षा लगेच सरत नाही. पुढची काही वर्षं ती त्याच्या मागे उभी असते, आणि कुणी रीतसर विचारलं तर तिच्याकडे बोट दाखवून 'हो, ही माझी' असं म्हणावं लागतं. मारिसाची शिक्षा सरायला अजून बरीच वर्षं होती.

"मग नाही म्हण," मोरीन म्हणाली. "कोण येतंय बघायला?"

"आई."

"काय आई? हो म्हटलंस की तुला बाजूला काढतील. चार शहाणे टेबलापलीकडे बसतील आणि तुला पुन्हा सगळं बोलायला लावतील. एकदा झालं ना ते? इथे बरं नाही का? इथे तुला सगळे नावाने ओळखतात."

"त्या नावामागे काय जोडतात तेही मला ऐकू येतं," मारिसा म्हणाली, आणि तिने 'हो' वर खूण केली.

मी मनापासून मोरीनच्या बाजूची होते. बाजूला काढू देत तिला, असं मला वाटलं. माझ्याकडे परत पाठवू देत.

काही आठवड्यांनी विद्यापीठाचं बोलावणं आलं. प्रवेश द्यायचा की नाही ते ठरवण्याआधी त्यांना तिच्याशी त्या गुन्ह्याबद्दल बोलायचं होतं. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या खिडकीसमोर डग रेबी येऊन उभा राहिला.

मोरीन आत मागे सरकली. मारिसाने विचारलं, "काय देऊ?"

"नेहमीचं. वर चॉकलेटची कांडी."

"तुम्ही आमच्याकडे कधी घेतलेलं नाही, डग."

"मग आजपासून नेहमीचं."

तिने कोन भरून दिला. त्याने तो डाव्या हाताने घेतला. उजवं मनगट आता पुरतं वळत नव्हतं.

"ऐकलं, तू कॉलेजला चाललीस," तो म्हणाला.

"अजून कुठे? आधी विचारणार आहेत."

"माझ्याबद्दल?"

"तुमच्या हाताबद्दल."

"काय सांगशील? म्हाताऱ्याचं दुःख?" डगने कांडी काढून तोंडात टाकली. "चालेल ते. कोर्टात चाललं होतं."

मारिसा बराच वेळ काउंटर पुसत राहिली. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"दुःख नव्हतं ते," ती म्हणाली. "दुःख घरी होतं. तुमची रांग मला बघवत नव्हती. तुमची गाडी बघवत नव्हती. मी शेवटचं पोर जाईपर्यंत थांबले होते, डग. दुःखात माणूस असा थांबत नाही. मला तुमचा हेवा वाटत होता."

मागे मोरीनने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता डग तो कोन तिच्या अंगावर फेकणार. तो समुद्राकडे बघत राहिला. आइस्क्रीम त्याच्या बोटांवरून ओघळायला लागलं.

"हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"दुःख म्हटलं की लोक मायेने बघतात."

"तुझ्याकडे बघत होते. माझ्याकडे कसं बघायचे माहीत आहे? मेलेल्या माणसाची जागा बळकावणारा. माझी बायकोसुद्धा म्हणाली, एक वर्ष थांबायला हवं होतंस. मग मलाच वाटायला लागलं की त्या पोरीच्या दुःखावर मी जाऊन बसलो." त्याने बोटं पुसली. "आणि तुला नुसती माझी गाडी बघवत नव्हती?"

"हो."

डग हसला. ते हसणं गोड नव्हतं, पण त्याचे खांदे खाली आले. "चांगली गाडी आहे ती," तो म्हणाला. "हे बघ पोरी, मी तुला माफबिफ केलेलं नाही. थंडीत हात अजून ठणकतो. पण तिथे जाऊन हेच सांग. दुसरं काही सांगितलंस आणि माझ्या कानावर आलं, तर मी स्वतः जाऊन त्यांना सांगेन."

मुलाखतीला मोरीनने मलाच नेलं, कारण आमच्याकडे दुसरी गाडी नव्हती आणि मारिसाची बंदी अजून उठली नव्हती. विद्यापीठ एका टेकडीवर होतं. मला त्या दिवशी बंद पडायचं होतं, मित्रांनो. चढावर माझं इंजिन तापलं, काटा लाल रेघेपाशी गेला. पण मारिसा म्हणाली, "आई, हीटर पूर्ण सोड, इंजिनातली ऊब आत घे." मोरीनने तसं केलं आणि काटा खाली आला. यंत्राला रुसून बसता येत नाही. मी तिला दारात नेऊन सोडलं.

ती आत गेली. काचेच्या भिंती, हिरवळ, पाठीवर पिशव्या घेतलेली तिच्याच वयाची मुलं. त्यांतली काही माझ्याभोवती जमली. मोरीनने त्यांना 'आज विक्री नाही' म्हणून सांगितलं, आणि मग त्यांच्याकडेच बघत राहिली. एक मुलगी गवतावर पालथी पडून वाचत होती. तिच्यावरून मोरीनची नजर हटेना.

मारिसा परत आली आणि आईच्या शेजारी बसली.

"तिघं होते," ती म्हणाली. "म्हणाले, का केलंस? मी सांगितलं, हेव्याने. एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या. म्हणाल्या, इथे तर रोज कुणी ना कुणी तुझ्या पुढे जाईल. मग काय करशील?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हेवा वाटेल. पण आता तो आला की मला ओळखू येतो."

मोरीनने स्टिअरिंग धरलं, पण गाडी सुरू केली नाही. "मला येत नव्हता ओळखायला," ती म्हणाली. "मी तुला 'नाही म्हण' सांगितलं ना, ते तुला जपायला नव्हतं. मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली. का सोडलीस म्हणून मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि तुरुंगात जाऊन आलेल्या माझ्या पोरीला तीन माणसं समोर बसवून विचारतात, तुला इथे यायचंय का. मला तुझा हेवा वाटला, मारिसा."

मारिसाने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मारिसाने मला उघडलं की माझं झाकण जसं कुरकुरतं तशी मोरीन रडली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

निकाल एका वाऱ्याच्या दुपारी फोनवर आला. मारिसा तेव्हा एका आजोबांना आइस्क्रीमवर रास्पबेरीचा रस घालून देत होती. तिला प्रवेश मिळाला होता. अट एवढीच, की पहिलं वर्ष वसतिगृहात राहता येणार नाही. घरून रेल्वेने जाऊन येऊन करावं लागेल. तिने आजोबांना रस इतका घातला की तो त्यांच्या बाहीत गेला. तिचा चेहरा बघून त्यांनी बाही मुकाट्याने चोखली.

सप्टेंबरात ती गेली. एकट्या मोरीनच्या गुडघ्यांना मी झेपेना. तिने मला विकायला काढलं, आणि मला घ्यायला आला तो डग. म्हणाला, हल्ली लग्नांत जुन्या गाड्यांना मागणी असते. आता मी त्याच्या अंगणात त्या पांढऱ्या गाडीशेजारी उभी असते. ती विजेच्या तारेला लावलेली, गप्प. माझ्या नाकाने तिला दिलेली जखम कधीच बुजली, माझी बुजलेली नाही. शनिवारी मला फिती बांधून चर्चच्या दारात नेतात. नवरी माझ्यासमोर फोटो काढते, आणि लोक तिचंच कौतुक करतात.

मारिसा सुट्टीत येते. डगच्या बायकोने दिलेला चहा उभ्याउभ्याच पिते आणि माझं मागचं झाकण उघडते. तिच्या हातांना आता दुसऱ्या यंत्रांचा वास येतो, माझ्याहून मोठ्या, माझ्याहून हुशार यंत्रांचा. तो वास मला अजूनही सहन होत नाही. पण ती पाना फिरवते, फ्रीजरला कान लावते, आणि मी मनातलं सगळं गिळून जमेल तितका चांगला आवाज काढते.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं थोडं आहे. जुनी यंत्रं आवारात बंद करून ठेवू नका. मधूनमधून सुरू करून बघत जा. शिक्षा भोगून आलेल्या माणसालाही असंच बंद ठेवू नका. त्याला विचारायचं ते समोर बसवून विचारा आणि उत्तर ऐका. तुमचं लाडकं कुणी पुढे निघालं आणि तुमच्या पोटात दुखलं, तर त्याला दुःख म्हणू नका, काळजी म्हणू नका. हेवा वाटतोय असं सरळ सांगा, आणि त्याला दारापर्यंत पोचवून या. मी पोचवून आले आहे. अजून जळते, पण पोचवून आले आहे.