न घासलेला डबा

“बाबा, आत तू कधी रडतोस का?”

रिसीव्हर कानाशी घट्ट धरून युस्रने एका दमात विचारून टाकलं. काल शाळेत शैमा आणि रहमाने तिला डिवचलं होतं, ‘हवापाण्याच्या गप्पा कुणीही मारेल. हिंमत असेल तर हे विचार!’ वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून युस्रची हिंमत नुसती उतू जात होती. आणि आज नाही तर कधी? सोमवारी तिला दूर स्फाक्स शहरात मावशीकडे राहायला जावं लागणार होतं, बाबा सुटेपर्यंत. पोरीने यापुढे तुरुंगाचं दार बघू नये, हा त्याचाच हट्ट.

काचेपलीकडे हेदीचा हात मिशीवर थबकला. ट्रकच्या अपघातापायी झालेल्या दोन वर्षांच्या शिक्षेतले सात महिने सरले होते.

“रडायला जागा कुठे आहे?” तो म्हणाला. “एका खोलीत चाळीस जण. नंबर लावावा लागेल.”

“विषय बदलू नकोस.”

“अगं, हे काय विचारणं!” आईने रिसीव्हर आपल्याकडे ओढला. तो एकच होता, म्हणून मायलेकी गालाला गाल लावून बसल्या होत्या. “त्यापेक्षा डब्याचं विचार. दर शनिवारी टोपलीतून कुसकुस आणते, मटणातलं हाड न् हाड काढून, नाहीतर पहारेकरी आत घेत नाहीत. आणि मागचा डबा परत येतो तो बरबटलेला! आठवडाभरात एक डबा घासवत नाही या माणसाला.”

हेदी हसला. मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

“घासला की वास जातो, नजात.”

“कसला वास?”

“तुझ्या रश्श्याचा. घरचा.” काचेवर नसलेली धूळ त्याने बोटाने पुसली. “शनिवार-रविवार बरे जातात. मंगळवारपासून डबा उशाशी घेतो. झाकण जरासंच उघडायचं, म्हणजे वास पुरतो. गुरुवारी आंबतो. शेजारचा मन्सूफ शिव्या घालतो. घालू दे.”

नजातने रिसीव्हर सोडला आणि डोक्याच्या रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग पुन्हा सोडली.

युस्रला उत्तर मिळालं होतं. शैमाला ती ते सांगणार नव्हती.

पहारेकऱ्याने टाळी वाजवली. पाच मिनिटं.

“आई, इकडे ये, तूही ऐक. बाबा, मध्ये बोलायचं नाही. मी स्फाक्सला जाणार नाहीये. मावशीला मी कळवते. बुधवारीही टोपली घेतात, बाहेर पाटीवर लिहिलंय. आईला कारखान्यातून निघता येत नाही, पण मला बुधवारी दुपारी शाळा नसते. मी आणणार. दर बुधवारी. ओरडायचं असेल तर आता पटापट ओरडा दोघं, चार मिनिटं उरलीत.”