उलटे ओहम

जयवंतराव मोहित्यांचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि मापांवर तर त्याहून नव्हता. बडोद्याजवळ, बाजव्याकडच्या रिफायनरीत चौतीस वर्षं त्यांनी भट्ट्यांचं तापमान मोजलं. एका काट्याने दोनशे दाखवलं, तर दुसऱ्या काट्याला विचारल्याशिवाय ते वहीत ‘दोनशे’ लिहीत नसत. निवृत्त होऊन गोत्रीच्या फ्लॅटमध्ये आले, तरी खोड गेली नाही. दूधवाल्याचं माप ते दोनदा बघत आणि सोसायटीच्या टाकीची पातळीही दोनदा. त्यांची बायको निरुपमाबाई म्हणत, “माझी पत्रिकासुद्धा यांनी दोन जोशांना दाखवली होती.”

आता प्रश्न केयूरचा होता. मुलगी शर्वरी शाळेत विज्ञान शिकवायची, केयूर तिथेच कॉम्प्युटर. दोघांना लग्न करायचं होतं. मुलगा गुजराती, याला हरकत नव्हती. बडोद्यात जन्म काढून ती हरकत घेणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. हरकत ही की मुलगा फार गोड बोलायचा. रविवारी पाच वाजता त्याचे आईवडील उत्तर ऐकायला येणार होते, आणि हो म्हणावं की नाही, हे जयवंतरावांचं अजून ठरत नव्हतं.

त्यात या दोघांनी गॅलरीत प्रिंटर बनवायला घेतला होता. कागदाचा नव्हे, प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देत वस्तू घडवणारा. त्याच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. ठोकळ्याच्या एका भोकात तापणारी कांडी, दुसऱ्या भोकात यंत्राच्या बोर्डाला तापमान सांगणारा सेन्सर. सेन्सर खोटं बोलला, तर कांडी तापतच राहणार. आणि गॅलरीला लागूनच स्वयंपाकघर, गॅसची टाकी.

“सेन्सर कुठून आणलास?” जयवंतरावांनी विचारलं होतं.

“ओळखीचा दुकानवाला आहे ने, काका. माल एकदम सारो.”

ओळखीचा! ओळखीच्या माणसाइतकं बेमालूम कोण फसवतं?

रविवारी दुपारी मुलं शेवउसळ आणायला गेली आणि निरुपमाबाई आडव्या झाल्या. जयवंतरावांनी आपला जुना मीटर काढला, ठोकळ्याचा बारीक स्क्रू सैल केला आणि सेन्सर ओढून बाहेर घेतला. मीटरने विजेचा रोध लाखाच्या आसपास ओहम दाखवला. त्यांनी सेन्सर मुठीत धरला. नव्वद हजार, ऐंशी, सत्तर. आकडा उतरतच गेला.

त्यांच्या भट्ट्यांवरचा प्रत्येक सेन्सर तापला की ओहम वाढायचे. आणि हा उलटा! माल खोटा होता, म्हणजे तो आणणाराही खोटा. उद्या मुलीच्या संसारात हेच.

कपाटात त्यांचा स्वतःचा सेन्सर होता. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या पोरांनी नळीवर ‘ज. मो.’ कोरून दिलेला. जाडी तीच. त्यांनी तो ठोकळ्यात घातला, वायरी जोडल्या, स्क्रू आवळला आणि केयूरचा सेन्सर पुराव्यादाखल खिशात टाकला. कुणाला सांगितलं नाही. घर वाचवल्याचं समाधान मात्र चहाबरोबर चाखलं.

पाच वाजता पाहुणे आले. प्रिंटर दाखवायची शर्वरीला घाई. सगळे गॅलरीत जमले, तिने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘तापमान मर्यादेबाहेर’, आणि यंत्र बंद पडलं. ठोकळ्याला हात लावला, तर तो गारच.

जयवंतराव क्षणभर गोंधळले. पण संशयाला वाट सापडतेच. “बोर्डही बनावट,” ते सर्वांदेखत म्हणाले. “असल्या मालावर संसार उभा राहत नसतो.”

केयूरच्या आईचा चेहरा उतरला. केयूरने मात्र वाकून सेन्सर ओढून काढला, पाहिला आणि मूठ मिटली.

“माझीच भूल. चुकीचा सेन्सर बसवला मी.”

“सेन्सर नीट बघितलास का, चार वेळा विचारलं होतं तुला!” शर्वरी उसळली.

“नाक कपाव्युं ने!” त्याचे वडील पुटपुटले. बाकीचे सगळे आत गेले.

मागे राहिलेल्या केयूरने मूठ उघडून ‘ज. मो.’ जयवंतरावांच्या तळहातावर ठेवला. “हा तर फार भारी आहे, काका. पण आमच्या बोर्डाला याची भाषा नाही समजत. आमचा सेन्सर तापला की ओहम उतरतात. तुमच्याचे शंभर ओहम बघून त्याला वाटलं, आगच लागली.”

“कशावरून?”

केयूर हसला नाही. त्याने जयवंतरावांकडून आपला सेन्सर मागून घेतला, बोर्डाला जोडला, जयवंतरावांचा मीटरला, आणि दोन्ही सेन्सर कठड्यावरच्या गरम चहाच्या पेल्यात बुडवले. जयवंतरावांच्या मीटरवर एकशे सव्वीस ओहम. ओहमवरून अंश काढायला त्यांना तक्ता लागत नव्हता, अडुसष्ट अंश. बोर्डाच्या पडद्यावरही अडुसष्ट.

दुसऱ्या काट्याने साक्ष दिली होती. जयवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीस?”

“तुम्ही घरासाठी घाबरलात, काका. आणि माझे मम्मी-पप्पा पहिल्यांदाच तुम्हाला भेटत होते.”

दोघं आत आले, तर केयूरचे वडील पेढ्यांचं ताट पुढे करत अवघडून विचारत होते, “तो पछी, मोहितेसाहेब? हा के ना?”

चौतीस वर्षांत जयवंतरावांनी खोटा आकडा वहीत राहू दिला नव्हता. त्यांनी तो कोरलेला सेन्सर ताटात, पेढ्यांशेजारी ठेवला.

“हा माझा. दुपारी मी चोरून बदलला. तुमच्या मुलाला खोटा ठरवायला. त्याने नळीवर माझं नाव वाचलं आणि दोष स्वतःवर घेतला. माझ्याकडून हो आहे. पण मुलगा तपासून झाला. आता सोयरा कसा आहे, ते तुम्ही बघून घ्या.”

कुणी पेढा उचलला नाही. शर्वरीने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठली आणि केयूरच्या शेजारी जाऊन बसली.